वाचकांच्या शंका : येमेनची कॉफी

गेल्या अंकात तांबड्या समुद्रातील जहाजांवरच्या हल्ल्यांविषयी लिहिताना, ‘कॉफीची पहिली लागवड येमेनच्या डोंगरांत झाली’ असे एक वाक्य ओघात येऊन गेले होते. त्या वाक्याने अनेकांचे कुतूहल जागे झाले. आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

कॉफी मूळची इथिओपियाची, असे आम्ही वाचत आलो. मग पहिली लागवड येमेनची कशी? आणि सूफी संत बाबा बुदान यांनी तिकडून सात बिया भारतात आणल्या, ही कथा खरी मानावी काय?
— एक वाचक, रत्नागिरी

दोन्ही विधाने खरी आहेत, कारण झाडाचे मूळ आणि शेतीचे मूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अरेबिका जातीचे झाड इथिओपियाच्या नैऋत्य भागातील जंगलांत आपोआप वाढते. डोंगरउतारावर बांध घालून, रोपे लावून, फळे वाळवून ती बाजारात विकण्याची शेती मात्र समुद्रापलीकडे, येमेनमध्ये उभी राहिली. पंधराव्या शतकाच्या मध्यास तेथील सूफी साधक रात्रीच्या जपाला जाग राहावी म्हणून हे पेय घेत असत, आणि कॉफीपानाचा सर्वांत जुना भरवशाचा पुरावा तोच आहे. 1511 मध्ये मक्केत कॉफीवर बंदी घालण्याचा प्रयत्न झाला. तेवढ्या काळात ती बंदी घालण्याइतकी लोकप्रिय झाली होती.

बाबा बुदान यांची कथा परंपरेने आली आहे आणि चिकमगळूरच्या डोंगराला त्यांचे नावही आहे. तिला श्रद्धेच्या जागी असू द्यावे. कागदोपत्री सापडते ती हकीकत मला त्याहून रंजक वाटते. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांनी 1696 मध्ये कॉफीची रोपे जावा बेटावर नेली ती थेट अरबस्तानातून नव्हे, तर आपल्या मलबार किनाऱ्यावरून. ती रोपे टिकली नाहीत, म्हणून 1699 मध्ये पुन्हा मलबारातूनच नेण्यात आली. जावातून एक झाड 1706 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात पोहोचले, त्याच्या वंशातले एक 1714 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट मिळाले, आणि पुढे त्याच वंशाने अटलांटिक ओलांडला. फ्रेंचांनी 1715 मध्ये येमेनच्या मोखा बंदरातून हिंदी महासागरातील बूर्बों बेटावर (आजचे रेयुनियाँ) स्वतंत्रपणे रोपे नेली. ‘टिपिका’ आणि ‘बूर्बों’ ही अरेबिकाची दोन जुनी घराणी या दोन वाटांनी जगभर गेली. म्हणजे ब्राझील, कोलंबिया, जमैका येथील जुन्या बागांचा फार मोठा भाग येमेनमधून निघालेल्या मूठभर झाडांचा वंश आहे.

एवढ्या थोड्या झाडांपासून एवढी मोठी शेती वाढली याचे परिणामही झाले. 1869 मध्ये सिलोनमध्ये (आजची श्रीलंका) तांबेरा हा पानांवरचा बुरशीरोग दिसला आणि पुढच्या काही वर्षांत त्याने तेथील कॉफी जवळजवळ पुसून टाकली. मळेवाल्यांनी अखेर चहा लावला. म्हणूनच येमेनच्या खोऱ्यांत आजही उभी असलेली उदैनी, दवाइरी, तुफ्फाही, जअदी अशा स्थानिक नावांची झाडे शास्त्रज्ञांना महत्त्वाची वाटतात. 2020 मध्ये जाहीर झालेल्या एका जनुकीय अभ्यासात तेथे अरेबिकाचा असा एक गट आढळला, जो लागवडीखालील इतर कोणत्याही ज्ञात गटात बसत नव्हता. त्याला ‘येमेनिया’ असे नाव देण्यात आले.

आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना एडनच्या तुरुंगात ठेवले होते. त्या एडनचा कॉफीशी काही संबंध होता काय?
— एक वाचक, पनवेल

होता, आणि तो मुंबईमार्गे होता. 1839 मध्ये इंग्रजांनी येमेनच्या दक्षिण किनाऱ्यावरचे एडन घेतले आणि जवळजवळ शतकभर त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालवला. काळ्या पाण्याची शिक्षा झालेल्या फडक्यांना अंदमानला न नेता एडनला नेले गेले, आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी त्यांचा तेथेच अंत झाला. एडनमध्ये रुपया चाले, आणि पेढ्यांवर गुजराती व पारशी व्यापारी असत.

त्याआधी कॉफीचे बंदर होते मोखा. डोंगरातून उतरलेला माल बैत अल-फकीह येथील बाजारात येई, तेथे सुरत, कैरो आणि युरोपच्या व्यापाऱ्यांची माणसे सौदे करीत, आणि मग तो बंदरात जाई. साधारण दोनशे वर्षे जगाच्या बाजारातील बहुतेक कॉफी या एका देशातून गेली. ही मक्तेदारी मोडली जावाने. 1720 च्या दशकात ॲम्स्टरडॅममध्ये जावाची आवक मोख्याच्या आवकेहून वरचढ झाली. उरलेले काम एडनने केले. 1850 मध्ये ते खुले बंदर ठरल्यावर, म्हणजे तेथे जकात उरली नाही तेव्हा, डोंगरातील कॉफी तिकडे वळली आणि मोखा ओस पडत गेले. आजच्या युद्धाच्या बातम्यांत मोख्याचे नाव आले की पूर्वीच्या वैभवाचा उल्लेख होतोच. ते वैभव या युद्धाने नेलेले नाही, ते दीडशे वर्षांपूर्वीच गेले होते.

आम्ही द्राक्षबागायतदार आहोत. येमेनच्या कॉफीला परदेशात एवढा भाव मिळतो असे वाचतो, तर तेथील शेतकरी कॉफी वाढवण्याऐवजी कमी का करतो? हे सारे युद्धामुळेच आहे काय?
— एक वाचक, नाशिक

युद्धाने घाव घातला हे खरे आहे, परंतु हा ऱ्हास त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. आज येमेनचे वार्षिक उत्पादन वीस हजार टनांच्या आसपास असते. भारताचे साडेतीन लाख टनांच्या घरात आहे आणि ब्राझीलचे तीस लाख टनांच्या वर.

येमेनमधील कॉफी समुद्रसपाटीपासून दीड ते सव्वादोन हजार मीटर उंचीवर, डोंगर कोरून केलेल्या पायऱ्यांवर होते. पाऊस वसंतात थोडा आणि जुलै-ऑगस्टच्या सुमारास थोडा, एवढाच. पायऱ्यांच्या भिंती चुन्याशिवाय रचलेल्या, आपल्या कोकणातल्या गडग्यासारख्या असतात, आणि त्या दर वर्षी हाताने सावराव्या लागतात. वरची एक भिंत ढासळली आणि वेळीच बांधली नाही, तर पुढच्या वळवात खालच्या सात-आठ पायऱ्यांची माती खोऱ्यात जाते. हे काम माणसांचे आहे, आणि 1970 नंतर तेलाच्या पैशाने सौदी अरेबियात मजुरी मिळू लागली तेव्हा माणसे निघून गेली. त्यांनी पाठवलेल्या पैशातून गावात डिझेलचे पंप आणि खोल विंधनविहिरी आल्या. जे पाणी पिढ्यानपिढ्या झरे आणि हौद यांच्या हिशेबाने वापरले जाई, ते भूगर्भातून बेहिशेबी उपसले जाऊ लागले.

त्या पाण्यावर फोफावला तो कात. विड्यात आपण घालतो तो कात नव्हे. ज्याची कोवळी पाने दुपारभर गालात धरून चघळतात ते सौम्य नशा देणारे झुडूप. तुम्ही बागायतदार आहात, तेव्हा त्याचे गणित तुम्हाला लगेच उमजेल. कॉफीच्या रोपाला फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात आणि नंतरही मुख्य पीक वर्षातून एकदाच हाती येते. काताला पाणी दिले की वर्षातून अनेक तोडण्या मिळतात. पाने ताजीच चघळावी लागत असल्याने विक्री त्याच दिवशी होते आणि पैसा रोख मिळतो. माल देशातच खपत असल्याने बंदर, परवाना, परदेशी गिऱ्हाईक यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. देशाच्या शेतीच्या पाण्यापैकी एक तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक एकटा कात पितो, असे अंदाज आहेत. तो लावणाऱ्याला आळशी किंवा अविचारी म्हणणे मला पटत नाही. बंदीचाही उपयोग झाला नाही. एडनच्या इंग्रज प्रशासनाने 1957 मध्ये ती घातली आणि पुढच्याच वर्षी उठवली.

सप्टेंबर 2014 मध्ये हूतींनी, म्हणजे उत्तर येमेनमधील सशस्त्र बंडखोरांनी, राजधानी साना घेतली आणि मार्च 2015 मध्ये सौदीच्या नेतृत्वाखालील हवाई हल्ले सुरू झाले, तेव्हा काताचे हे गणित आणखी बळकट झाले. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2021 अखेर या युद्धाने 3 लाख 77 हजार बळी घेतले, आणि त्यांतील बहुसंख्य गोळीने नव्हे तर भूक, रोग व उपचारांच्या अभावाने गेले. अशा देशात चार वर्षांनी फळणारे झाड लावायला मोठे धाडस लागते. डिझेल महागले की पंप थांबतो आणि मालट्रकही थांबतो. डोंगराळ कॉफीप्रदेशाचा मोठा भाग हूतींच्या ताब्यात आहे, तर निर्यातीचा बराच माल विरोधी पक्षाच्या ताब्यातील एडनहून जातो. म्हणजे पोत्याला युद्धरेषा ओलांडावी लागते, आडवाटेने फिरावे लागते आणि प्रत्येक नाक्यावर काहीतरी द्यावे लागते. त्यातच 2016 मध्ये मध्यवर्ती बँक दुभंगली. सानात डॉलरला साधारण साडेपाचशे रियाल पडतात, तर 2024 संपताना एडनमध्ये तोच डॉलर दोन हजारांवर गेला होता. एकाच देशात, एकाच नावाच्या चलनात, शेतकऱ्याला पैसे द्यायचे एका दराने आणि गोदामाचे भाडे भरायचे दुसऱ्या दराने, असा निर्यातदाराचा हिशेब असतो. नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर विमा आणि वाहतूक भाडेही भडकले.

असे असूनही कॉफी टिकली आहे, आणि त्यामागे एक साधे कारण आहे ज्याकडे कौतुकपर लेखांत फारसे लक्ष जात नाही. येमेनी शेतकरी फळ धुऊन, गर काढून बी वेगळे करत नाही. त्याला तेवढे पाणीच नसते. तो अख्खे फळ घराच्या गच्चीवर उन्हात वाळवतो. सालीसह वाळलेले हे फळ कोरड्या जागी वर्षानुवर्षे ठेवता येते, आणि पुष्कळ कुटुंबे ते तसेच ठेवून लग्न, आजारपण किंवा घरबांधणीच्या वेळी लागेल तेवढे विकतात. रियाल घसरतो आहे आणि बँकेवर भरवसा नाही अशा काळात कोठीतले पोते हीच ठेव ठरते. कात असा साठवता येत नाही. चव सांभाळण्याच्या दृष्टीने मात्र ही सवय मारक आहे, कारण जुने-नवे, पिकलेले-कच्चे सारे एकत्र होते.

हराज प्रांतात बोहरा समाजाने काताची झाडे काढून कॉफी लावली, असे ऐकले. मुंबईचा आणि येमेनचा हा संबंध काय आहे?
— एक वाचक, भायखळा

दाऊदी बोहरांची धार्मिक परंपरा मध्ययुगीन येमेनमधून भारतात आली. सानाच्या पश्चिमेस हराजच्या डोंगरात हुतैब येथे त्यांच्या तिसऱ्या दाईंची, म्हणजे धर्मप्रमुखांची, कबर आहे आणि भारतातील बोहरा तेथे यात्रेला जात आले आहेत. मुंबईत वास्तव्य असलेले दिवंगत धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या प्रेरणेने, तेथील अनुयायांनी कात उपटून कॉफी लावण्याचा उपक्रम हाती घेतला. धर्मगुरूंचा शब्द हे त्यामागचे मोठे बळ होते. पण शब्दाबरोबर झाड फळेपर्यंतच्या वर्षांसाठी मदतही आली, म्हणून काम तडीस गेले. नाशिकच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर इथे दिसते. मधली तीन-चार वर्षे कोणी निभावून नेली, तर शेतकरी कात सोडायला तयार होतो.

अरबी कॉफीला युनेस्कोची मान्यता मिळाली आहे. त्यात येमेनचा वाटा किती?
— एक वाचक, पुणे

नावापुरताही नाही. 2015 मध्ये ‘अरबी कॉफी, औदार्याचे प्रतीक’ ही नोंद झाली ती संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, ओमान आणि कतार यांच्या नावे. 2022 मध्ये ‘खौलानी’ कॉफीच्या लागवडीचे ज्ञान सौदी अरेबियाच्या नावे नोंदवले गेले. खौलान जमातीची वस्ती आजच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, त्यामुळे सौदी भागातील शेतकऱ्यांचा हक्क खोटा म्हणता येत नाही. तरीही अशी नोंद करून घ्यायला प्रस्ताव तयार करणारे खाते, तज्ज्ञ आणि स्थिर सरकार लागते, आणि 2015 साली येमेनकडे यांतले काहीच धड उरले नव्हते. त्याच वर्षी सानाचे जुने शहर आणि शिबाम युनेस्कोच्या धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत गेले.

येमेनी लोक स्वतः कॉफी पितात काय?
— एक वाचक, कोल्हापूर

पितात, पण घराघरांत अधिक चालतो तो किश्र, म्हणजे वाळलेल्या कॉफीफळाच्या सालींचा, आले आणि कधी दालचिनी घालून उकळलेला काढा. बी बाजारात विकायचे आणि साल घरी ठेवायची, असा जुना रिवाज आहे. चव कॉफीपेक्षा फळाच्या चहाकडे झुकते.

परदेशातून नातेवाईक कॉफी आणणार आहेत. येमेनची घेतली तर पैसा खरोखर शेतकऱ्यापर्यंत जातो काय, हे कसे ओळखावे?
— एक वाचक, ठाणे

खात्री देता येत नाही, पण शक्यता तपासता येते. जुन्या पद्धतीत शेतकऱ्याचा माल गावच्या अडत्याकडे, तेथून सानाच्या व्यापाऱ्याकडे जातो, आणि अनेक गावांचा व अनेक वर्षांचा माल एकत्र होतो. त्यामुळे लाल, पिकलेली फळेच वेचणाऱ्याला वेगळा भाव मिळत नाही. गेल्या दशकभरात काही खरेदीदार पिकलेली फळे थेट शेतकऱ्यांकडून जास्त दराने घेऊन स्वतः वाळवू लागले आहेत. अशा कॉफीच्या पाकिटावर प्रांत किंवा गाव (हराज, बनी मतर, हैमा, याफा, इब्ब वगैरे), हंगामाचे वर्ष आणि वाळवण्याची पद्धत छापलेली असते. ती महागच असेल. वर सांगितलेले नाके, विमा आणि दोन दरांचे रियाल त्या किमतीत आहेत. पाकिटावर नुसतेच ‘मोका’ लिहिलेले असेल तर आत चॉकलेटच्या चवीचे मिश्रणही निघू शकते, तेव्हा ते न आणलेलेच बरे.