फक्त शुक्राणूतच चालणारे जीन कसे सापडतात?

प्रश्न : मुलगी इथे बडोद्यात झूऑलॉजीत एमएससी करतेय, सेमिनारला विषय घेतलाय, तयार होत असलेल्या शुक्राणूंमध्येच चालू असणारे जीन ओळखणं. जीन तर सगळ्या पेशींत सारखेच असतात ना, मग "फक्त शुक्राणूत" कसं काय? आणि शोधून उपयोग काय?
– एक आई, दांडिया बाजार

उत्तर : ताई, जीन सगळीकडे असतात हे बरोबरच, पण जो चालू असतो त्याचाच आरएनए, म्हणजे जीनची कामापुरती काढलेली नक्कल, बनतो, म्हणून शोधायचा तो आरएनए. वृषणातला काढायचा, लिव्हर, किडनी, मेंदूतलाही काढायचा, आणि जो फक्त वृषणात दिसतो तो वेगळा काढायचा. पण एवढ्यानं भागत नाही, कारण वृषणात सर्टोली, लायडिग अशा दुसऱ्या पेशीही असतात आणि शुक्राणूसुद्धा सगळ्या टप्प्यांवरचे एकत्र कालवलेले.

इथे उंदराची पिल्लं कामी येतात, आणि मला हा भाग फार आवडतो! पिल्लात शुक्राणूंची पहिली खेप जवळपास एकाच तालात पुढे सरकते. ८व्या दिवशी नुसत्या सुरुवातीच्या पेशी, १४व्या दिवसापर्यंत मिओसिसमधल्या, म्हणजे क्रोमोसोमची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनातल्या, आलेल्या, २०व्याच्या आसपास गोल स्पर्मॅटिड, म्हणजे अर्धवट तयार शुक्राणू, आणि पूर्ण शुक्राणू साधारण ३५व्या दिवशी. म्हणजे जो आरएनए १४व्याला नव्हता आणि विसाव्यानंतर दिसायला लागला तो स्पर्मॅटिडमधला असणार हे ओळखता येतं, डीएनए घट्ट आवळून बांधणाऱ्या प्रोटामिनचा असाच. हल्ली एकेका पेशीचा आरएनए वेगळा वाचता येतो त्यामुळे काम बरंच सोपं झालंय.

पीजीके२ बद्दल मुलीला नक्की विचारा. साखरेतून ऊर्जा काढायला लागणारा पीजीके१ हा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो, आणि शुक्राणू बनताना मिओसिसमध्ये एक्स बंद पडतो, मग पेशीनं चालवायचं कशावर? तर त्याचीच एक जास्तीची कॉपी दुसऱ्या क्रोमोसोमवर आहे, तीच पीजीके२, आणि ती तिथेच चालू होते.

उपयोग म्हणाल तर पुरुषांसाठी गर्भनिरोधक. जीन बाकी शरीरात कुठे चालतच नसेल तर त्याच्यावरच्या औषधाचा त्रास दुसरीकडे कमी व्हावा ही आशा. कॅटस्पर नावाचा जीन काढलेले नर उंदीर एरवी ठणठणीत असतात पण त्यांना पिल्लं होत नाहीत. शिवाय मूल न होण्याचं कारण कितीतरी जोडप्यांत नवऱ्याकडे असतं आणि तपासण्या मात्र आधी बायकोच्याच होतात, हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एक मात्र सेमिनारमध्ये यायलाच हवं. २०१६ साली जपानी आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी मुख्यतः वृषणातच चालणारे ५४ जीन उंदरांत एकेक करून बंद केले, तरी त्या नरांना पिल्लं झाली. तेव्हा जीन तिथेच चालतो म्हणजे त्याच्यावाचून अडतं असं धरून चालायचं नाही, तो बंद करूनच बघावं लागतं, आणि मुलीला प्रश्न आला तर बहुतेक इथेच येईल.