पेरोव्स्काइट: मधला ‘व्’ खाऊ नका

ऐरोलीच्या एका वाचकांनी विचारलंय: ‘पेरोव्स्काइट’ कोणत्या लिंगाचा शब्द, आणि त्याला मराठी प्रतिशब्द काय?

नपुंसकलिंगी. बॉक्साइट सापडतं, ग्रॅफाइट झिजतं, तसंच. पुढे जाऊ.

माझं डोकं उठतं ते ‘पेरोस्काइट’ने. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत गच्चीवरच्या सोलरची चर्चा निघाली की कुणीतरी ‘पेरोस्काइट नावाचा नवा धातू’ काढतोच. धातू नाही, मुळात एका खनिजाचं नाव आहे; शब्द नवा नाही, आणि ‘व्’ खाल्ला की त्यातलं गावच जातं. रशियन माणूस तिथे ‘फ’ उच्चारतो, पण गिळत नाही!

गाव म्हणजे पेरोवो. आता ते मॉस्कोच्या पोटात आहे. तिथली जहागीर राझुमोव्स्कींची. त्यांच्यातल्या एका काउंटच्या अनौरस मुलांना बापाचं आडनाव मिळालं नाही, गावाचं मिळालं: पेरोव्स्की. हे ‘-स्की’ म्हणजे थेट आपलं ‘-कर’. पेरोवकर! त्यांतला लेव्ह पेरोव्स्की पुढे झारचा गृहमंत्री झाला. त्याला खनिजं जमवायचा नाद. उरल पर्वतातल्या एका खनिजाचा अभ्यास १८३९ मध्ये जर्मन खनिजतज्ज्ञ गुस्ताव्ह रोझेने केला आणि त्याला या लेव्हचं नाव दिलं. वर ग्रीक वळणाचं ‘-आइट’, म्हणजे पुन्हा ‘त्याचा, तिथला’. एका शब्दात दोन ‘-कर’. इतकं कोकणी वळणाचं खनिज दुसरं नसावं.

कोशात मात्र ‘कॅल्शियम टायटेनेट’ लिहून हात झटकायचे! रोझेच्या दगडापुरतं ते खरं. पण पुढे हे नाव दगडावरून त्यातल्या अणूंच्या मांडणीवर गेलं. मांडणी तीच, अणू कुठलेही. सौरघटांतल्या (म्हणजे सोलर सेलमधल्या) पेरोव्स्काइटात बहुधा ना कॅल्शियम असतं ना टायटॅनियम. असतं शिसं आणि आयोडीन. २००९ मध्ये जपानच्या मियासाका यांच्या गटाने त्यावर सौरघट केला तेव्हा कार्यक्षमता, म्हणजे उन्हातून वीज काढण्याचं प्रमाण, जेमतेम ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेत ती २५ च्या पुढे गेली आहे. दमट हवा त्याला सोसत नाही, हे गच्चीवाल्यांनी जुलैत आठवावं.

राहिला प्रतिशब्द. ‘सौरस्फटिक’ सुचवणाऱ्या परिभाषापंडितांना माझा एकच प्रश्न. सिझियम, शिसं आणि ब्रोमीन यांचं पेरोव्स्काइट गॅमा किरण टिपायला वापरतात. शिशासारखे जड अणू किरण अडवतात, त्यातून विद्युतभार सुटतो आणि तो मोजता येतो. या सगळ्यात सूर्य कुठे आला?