भाड्याने द्यायला फ्लॅट घ्यावा की पीपीएफ भरावं? एका जोडप्याची गोष्ट

महिन्यातून दोन-तीन जण तरी हाच प्रश्न घेऊन येतात, हातात पंधरा-वीस लाख आलेत, त्याचा फ्लॅट घेऊन भाड्याने देऊ की टॅक्स-फ्री काहीतरी बघू. म्हणून एक केस सांगते, ओळख लपवायला बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

नवराबायको दोघं चाळिशीचे, दोघं नोकरीला, पुण्यात कोथरूडला स्वतःचा फ्लॅट, त्याचं लोन अजून चालू. ताईंची आई गेली आणि तिच्या एफडीचे 20 लाख ताईंना मिळाले. ताईंना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वाघोलीत वन बीएचके घ्यायचा होता, दादांचं म्हणणं सगळे पीपीएफला (सरकारची पंधरा वर्षांची बचत योजना) टाका, व्याजावर टॅक्स नाही, डोक्याला ताप नाही. यावरून दीड महिना घरात धुसफूस चाललेली.

मी आधी दादांनाच थांबवलं. पीपीएफमध्ये एका माणसाला वर्षाला दीड लाखच भरता येतात, 20 लाख एकदम कसे टाकणार? ते जरा गप्पच झाले. (हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि भांडण मात्र जोरात असतं.)

मग फ्लॅटचं गणित कागदावर मांडलं. किंमत 45 लाख, स्टॅम्प ड्युटी 7 टक्के म्हणजे 3 लाख 15 हजार, बाईच्या एकटीच्या नावावर घेतला तर एक टक्का कमी, रजिस्ट्रेशन 30 हजार, वर पंखे, गीझर, किचन ट्रॉली, ब्रोकर, झाले 50 लाख. 20 आपले, 30 लोन, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं, हप्ता 26 हजार. आणि भाडं किती येणार तर 14 हजार, तेही वर्षातला एक महिना रिकामा धरून अकराच महिने. त्यातून सोसायटी मेंटेनन्स, वर भाडेकरू ठेवला म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, प्रॉपर्टी टॅक्स, रंगकाम वजा केलं की वर्षाला हातात एक लाख दहा हजार. 50 लाखांवर सव्वादोन टक्के सुद्धा नाही हो! बँकेला द्यायचे मात्र वर्षाला तीन लाख बारा हजार, म्हणजे दरमहा सतरा हजार खिशातून. दोघंही न्यू टॅक्स रिजीममध्ये, त्यामुळे भाड्याने दिलेल्या घराचा तोटा (भाड्यापेक्षा लोनचं व्याज जास्त, तो) टॅक्स काढताना पगारातून वजा करायची सोयही नाही. उद्या भाव वाढेल हे खरं, पण किती आणि कधी ते मी सांगू शकत नाही, आणि ब्रोकरही सांगू शकत नाही, तो फक्त सांगतो.

मी विचारलं, रविवारी भाडेकरूचा गीझर बिघडला तर कोथरूडहून वाघोलीला कोण जाणार? दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

तरी ताई हटेनात. आता गणितात हरलेलं माणूस हट्ट सोडत नाही तेव्हा गणित सोडून बोलावं हे मी अनुभवाने शिकलेय. आईबद्दल विचारलं. तर आई आयुष्यभर दोन खोल्यांत भाड्याने, मालक दर दिवाळीला खोली खाली करा म्हणायचा, आणि आई एफडीच्या पावत्या डब्यात ठेवून म्हणायची, घर घ्यायचंय. ते राहूनच गेलं. मग या पैशाचं घरच झालं पाहिजे, असं ताईंच्या मनात बसलेलं. दादांना हे बारा वर्षांत कधी कळलं नव्हतं म्हणे.

मग मी विचारलं, राहत्या घराचं लोन किती राहिलंय? 9 लाख, फ्लोटिंग म्हणजे बदलत्या व्याजदराचं, सध्या 8.6 टक्के, हप्ता 19 हजार. पीपीएफला सध्या 7.1 मिळतात. तुम्ही 8.6 चं लोन फेडलंत तर तेवढं व्याज वाचलं, आणि वाचलेल्या व्याजावर कुठला टॅक्स? फ्लोटिंग होम लोन आधी फेडलं तर दंडही नाही. यापेक्षा बरं टॅक्स-फ्री मला तरी माहीत नाही.

असं ठरलं: 9 लाखांनी लोन बंद. 3 लाख अडीअडचणीला. उरलेले 8 लाख एफडीत, त्यातून दरवर्षी दोघांच्या पीपीएफ खात्यांत दीड-दीड लाख, तेही 5 एप्रिलच्या आत म्हणजे वर्षभराचं व्याज पूर्ण पडतं. हे दोन-अडीच वर्षं पुरेल, पुढे सुटलेल्या हप्त्यातले पैसे आहेतच. दीड लाख पंधरा वर्षं भरले आणि दर असाच राहिला तर एका खात्यात 40 लाखांच्या वर जातात, दर तीन महिन्यांनी सरकार तो बदलू शकतं हेही सांगितलं.

भाड्याचा फ्लॅट वाईटच असं माझं म्हणणं नाही, लोन न काढता, घराजवळ, आणि निस्तरायला माणूस असेल तर जरूर घ्या.

जाताना एवढंच सांगितलं की लोन फिटल्यावर बँकेने 30 दिवसांत मूळ कागद द्यायला हवेत, मागे लागा. दोन महिन्यांनी ताईंनी फोटो पाठवला, देव्हाऱ्यात आईच्या फोटोशेजारी खरेदीखत, त्यावर हळदकुंकू. खाली लिहिलं होतं, मॅडम, बँकेचा शिक्का गेला.