उंची दुप्पट केली तर घरंगळणाऱ्या गोटीचा जोर दुप्पट होतो का? आणि जड गोटी आधी का पोचत नाही?

तुमच्या मुलीचा प्रयोग वाचला. पाट तिरका लावून काचेची मोठी गोटी आणि तेवढ्याच आकाराची लोखंडी गोळी एकाच वेळी सोडली. दोन्ही बरोबरच खाली आल्या, पण लोखंडी गोळीने समोरची काडेपेटी बरीच लांब ढकलली. 'काहीतरी चुकलं असेल' असं तिला वाटतंय. काहीच चुकलेलं नाही, वहीत तिने लिहिलंय ते तसंच राहू द्या.

खाली पोचतानाचा वेग उंचीवर ठरतो. जड गोळीला पृथ्वी जास्त ओढते हे खरं, पण तिला गती द्यायलाही त्याच प्रमाणात जास्त बळ लागतं. त्यामुळे वेगाच्या हिशेबातून वस्तुमान निघूनच जातं. भरीव गोळी २० सेंटिमीटर उंचीवरून न घसरता घरंगळत आली, तर ती काचेची असो की लोखंडाची, वेग सेकंदाला सुमारे १.६७ मीटर.

फरक पडतो तो घडणीने, म्हणजे वस्तुमान कुठे आहे त्याने; लहान-मोठेपणाने नाही. भरीव गोळीची २/७ ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात जाते. बांगडीचं सगळं वस्तुमान कडेलाच, म्हणून तिची निम्मी ऊर्जा फिरण्यातच खर्च होते आणि त्याच उतारावर तिचा वेग १.४ मीटरच भरतो. गोटी आणि बांगडी शेजारी शेजारी सोडून बघा, बांगडी दर वेळी मागे राहते. मुलांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे होतात, मी वर्गात हे दर वर्षी करते.

आता 'जोर'. या एका शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो, सगळा घोळ तिथेच होतो. ऊर्जा वस्तुमान आणि उंची या दोन्हींच्या प्रमाणात वाढते: कोणतीही एक दुप्पट करा, ऊर्जा दुप्पट. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. वस्तुमान दुप्पट केलं तर तोही दुप्पट होतो, पण उंची दुप्पट केली तर वेग १.४१ पटच वाढतो, म्हणून संवेगही तेवढाच. संवेग दुप्पट हवा तर उंची चौपट करावी लागते. सारख्याच बळाने अडवलं तर वस्तू थांबेपर्यंत किती अंतर जाईल हे ऊर्जा सांगते, किती वेळ लागेल हे संवेग.

खरा 'जोर' कोणता, ऊर्जा की संवेग, यावर मोठमोठे लोकही भांडले आहेत. लायडनचे प्राध्यापक स्ग्रावेसांडे यांनी १७२०च्या दशकात पितळी गोळे मऊ चिकणमातीत पाडून खळगे मोजले. वेग दुप्पट, तर खळगा चौपट! म्हणजे खळगा ऊर्जेप्रमाणे वाढतो, संवेगाप्रमाणे नाही. घरी मळलेल्या कणकेवर गोटी वरून सोडून हे करता येईल.

काडेपेटीच्या अंतरावर मात्र फार विसंबू नका. धडकेत काही ऊर्जा आवाजात आणि उष्णतेत जाते. उंची दुप्पट केली की पेटी साधारण दुप्पट सरकते, ते ठीक. वस्तुमानाचं तसं सरळ प्रमाण मिळत नाही, कारण पेटीचं स्वतःचं वजनही मध्ये येतं.

त्याऐवजी पाट टेबलावर ठेवा, त्याचं खालचं टोक टेबलाच्या कडेपासून वीतभर आत. गोटी कडेवरून आडवी सुटू द्या. खाली जमिनीवर पांढरा कागद, त्यावर कार्बन पेपर, काळी बाजू खाली. गोटी पडली की ठिपका उमटतो. टेबल ७५ सेंटिमीटर उंच असेल, तर १० सेंटिमीटरवरून सोडलेली गोटी कडेच्या बरोबर खालच्या जागेपासून सुमारे ४६ सेंटिमीटरवर पडेल आणि ४० सेंटिमीटरवरून सोडलेली ९२-९३वर. घर्षणामुळे तुमचे आकडे थोडे कमी येतील. पाटाऐवजी पडद्याची पन्हळ वापरलीत तर आणखी कमी, कारण पन्हळीत गोटी दोन कडांवर टेकते आणि तेवढ्याच वेगाला तिला जास्त फिरावं लागतं. प्रत्येक उंचीवरून पाच-पाच वेळा सोडा, ठिपक्यांच्या घोळक्याचा मध्य धरा आणि मग लोखंडी गोळी सोडा. तिचे ठिपके त्याच घोळक्यात पडतील.