‘बेसिक तर सारखाच आहे ना!’
वाचकांचे प्रश्न : नोकरी आणि कायदा

प्रश्न : महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी सहा वर्षं क्वालिटी विभागात आहे. दोन वर्षांपूर्वी आलेल्या सहकाऱ्याला काम मीच शिकवलं. दोघांचा हुद्दा ‘सीनियर इंजिनिअर’, बेसिकही सारखा. पण त्याच्या हातात माझ्यापेक्षा महिना ७,६०० रुपये जास्त पडतात. एचआरचं म्हणणं, “फरक अलाउन्सचा आहे, शिवाय त्याचा आधीच्या कंपनीतला पगारच जास्त होता.” पुढे काय करता येईल? — एक महिला वाचक, ऐरोली

उत्तर : अलाउन्सची पळवाट तर आधीच बंद आहे. सारख्या कामाच्या वेतनात बाई-पुरुष असा फरक करायला मनाई करणारा १९७६ चा समान वेतन कायदा आता वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला गेला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातल्या वेतनाच्या व्याख्येतून एरवी घरभाडं भत्ता, प्रवास भत्ता आणि ओव्हरटाइम वगळलेले असतात. पण प्रश्न समान वेतनाचा असेल तेव्हा हे तिन्ही परत मोजायचे, असं त्याच व्याख्येत लिहिलं आहे. स्पेशल अलाउन्स तर मुळातच वेतनात येतो. तेव्हा दोन्ही बेसिक शेजारी ठेवून उपयोग नाही, एकूण आकडे ठेवा.

आधीच्या कंपनीतल्या पगाराचं कारणही लंगडंच आहे. काम ‘सारखं’ आहे की नाही हे संहिता कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी या चार गोष्टींवरून ठरवते. कामाची परिस्थिती मिळतीजुळती असली म्हणजे झालं. या चारांत ‘आधी किती मिळत होते’ कुठेच नाही. अनुभव मात्र आहे. त्याचा एकूण अनुभव तुमच्याहून जास्त असेल तर कंपनी तोच पुढे करणार, म्हणून त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा. प्रश्न वर्षं किती हा नाही, त्या वर्षांनी या कामात प्रत्यक्ष काय फरक पडतो हा आहे.

आता पुरावा. हुद्दा सारखा असणं ही फार कच्ची बाजू आहे, सह्या पक्क्या. एक महिना ठरवा आणि एका कागदावर कामं उतरवा : आलेल्या मालाची तपासणी, गेज कॅलिब्रेशन, रिजेक्शन नोटवर सही, ग्राहकाच्या ऑडिटला उभं राहणं, लाइन थांबवण्याचा अधिकार. प्रत्येकापुढे दोन रकाने, तुमचा आणि त्याचा. त्यात महिन्याभरात कुणाच्या सहीने किती रिपोर्ट गेले तो आकडा लिहा. हे करताना स्वतःला सवलत देऊ नका. ऑडिट नेहमी तोच सांभाळत असेल किंवा तिसरी पाळी तोच करत असेल, तर कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवणार.

बहुतेक प्रकरणं बिघडतात ती स्लिपवरून. सहकाऱ्याच्या पगारपत्रकाचा फोटो न विचारता काढायचा आणि व्हॉट्सॲपवर फिरवायचा, की मूळ प्रश्न बाजूला पडून शिस्तभंगाची नोटीस तुमच्याच हातात येते. त्याची गरजही नाही. सुनावणी घेणाऱ्या प्राधिकाऱ्याला कागदपत्रं हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. वेतन नोंदवही तो मागवू शकतो. तुमच्या स्वतःच्या स्लिपा मात्र सगळ्या जवळ हव्यात.

आधी एचआरला ईमेल करा. ‘अन्याय होतोय’ असं लिहू नका. “अमुक तारखेपासून सारख्या कामासाठी वेतनात फरक आहे, त्याचं कारण १५ दिवसांत लेखी कळवावं” एवढंच लिहा. लेखी उत्तर आलं की कंपनी त्या कारणाला बांधली जाते, नंतर नवं कारण काढणं तिला जड जातं. मग ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज. मुदत तीन वर्षांची. तुमचे २४ महिन्यांचे १,८२,४०० रुपये होतात. त्याशिवाय दाव्याच्या दहा पटींपर्यंत भरपाई देता येते. निकाल तीन महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हावा असं संहिता म्हणते, पण त्यावर घरखर्चाचं गणित बसवू नका. तुमचं काम देखरेखीचं असलं तरी ‘कर्मचारी’ या व्याख्येत तुम्ही येता.

नोकरी सोडली तरी हक्क संपत नाही. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीच्या प्रकरणात ऑड्री डिकोस्टा या स्टेनोग्राफरने नोकरी गेल्यावरच अर्ज केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि ‘कंपनीला परवडत नाही’ हे कारण चालणार नाही हेही बजावलं.

प्रश्न : आम्ही १४ जणी तुर्भ्याला ठेकेदाराकडून पॅकिंगला आहोत. आमची नोंद ‘अकुशल’, पुरुष हेल्परांची ‘अर्धकुशल’. सुपरवायझर म्हणतो, “ते बॉक्स उचलतात, तुमचं काम हलकं.”

उत्तर : उचलणं हा त्यांच्या रोजच्या कामाचा ठरलेला भाग असेल तर फरक टिकू शकतो, हे आधीच सांगितलेलं बरं. पण तपासून पाहा : ऑर्डर कमी असते त्या आठवड्यांत ते हेल्पर लाइनवर बसून तुमच्यासारखंच सीलिंग आणि लेबलिंग करतात का, आणि तेव्हाही दर तोच राहतो का? तसं असेल तर बॉक्सचं कारण फक्त कागदावर आहे. दोन महिने वहीत तारीख, पाळी, कोण कुठे उभं होतं आणि किती बॉक्स हलवले, एवढं लिहून काढा. तुमच्याकडूनही बॉक्स सरकवून घेत असतील तर तेही लिहा. ‘हलकं’ हा शब्द आम्हाला तसाही खटकतो. आठ तास उभं राहून मिनिटाला ठरावीक पाकिटं काढणं, चुकलेली बॅच तारीख पकडणं, याला मेहनत आणि जबाबदारी नाही तर काय म्हणायचं?

अर्ज १४ जणींचा मिळून एकच चालतो, नोंदणीकृत युनियनही करू शकते. एकटीदुकटीने जाऊ नका. ठेकेदाराने पैसे बुडवले तर ज्या कंपनीच्या जागेत काम चालतं तिच्या मालकावर जबाबदारी येते, म्हणून अर्जात दोघांचीही नावं घाला. आणि दर महिन्याला वेतनाची स्लिप मागा, ती देणं बंधनकारक आहे.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं युनिट आहे, २२ माणसं. वायरिंगला सगळ्या बायका, प्रेसवर पुरुष. पगार वर्षानुवर्षं तोंडी ठरत आले. आता नीट बसवायचे आहेत. — एक उद्योजक, ठाणे

उत्तर : माणसांना नाही, कामांना गुण द्या. नावं झाकून प्रत्येक कामाला १०० पैकी गुण : कौशल्य ४०, जबाबदारी ३०, मेहनत २०, परिस्थिती १०. हे प्रमाण कायद्याने दिलेलं नाही, तुमच्या धंद्यानुसार बदला. पण एकदा ठरलं की सगळ्यांना तेच. चूक होते ती मेहनतीच्या रकान्यात. प्रेसचं वजन दिसतं, दिवसभर बारीक तारा जुळवताना डोळ्यांवर येणारा ताण दिसत नाही. बोटांची सफाई बायकांना ‘उपजतच’ असते म्हणून तिला शून्य गुण देणारे मालक बरेच आहेत. मग शिकाऊ मुलीला तेच काम जमायला किती महिने लागतात ते मोजा. ज्या कामांचे गुण जवळपास सारखे, त्यांचा दर एक. त्यावर अनुभवाच्या पायऱ्या ठेवा, त्याही लेखी.

फरक मिटवायला पुरुषांचा पगार कमी करता येत नाही, संहितेत तशी स्पष्ट मनाई आहे. बायकांचाच वर न्यावा लागेल. नवीन माणूस घेताना मागच्या कंपनीची स्लिप मागू नका. जागेचा दर आधी ठरवून मगच मुलाखतीला बसा. जुना फरक नव्या माणसाबरोबर आत येतो तो या स्लिपेमुळेच.

प्रश्न : २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपवून परतले, तर वार्षिक वाढ शून्य. “वर्षभर होतातच कुठे?” असं विचारलं. — एक वाचक, नेरुळ

उत्तर : रजेच्या काळात सेवाशर्ती तुमच्या तोट्याच्या करता येत नाहीत. जितके महिने काम केलं तेवढ्याच महिन्यांचं मूल्यमापन ईमेल करून लेखी मागा आणि ठरलेली सरसकट वाढ वेगळी मागा. कामगिरीवरचा बोनस मात्र योजनेच्या शब्दांवर अवलंबून असतो, तो कागद आधी वाचा. आणखी एक : ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर द्यावं लागतं, आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं. हे नेमणुकीच्या वेळीच लेखी कळवायचं असतं. तुमचं नेमणूकपत्र काढून पाहा, तसा मजकूर त्यात नसेल तर तोही याच ईमेलमध्ये मागा.