कोंबडीच्या हाडांचं सूप गढूळ होतं आणि फ्रिजमध्ये थिजत नाही, काय चुकतं?

गढूळ होतं ते खळखळ उकळल्यामुळे. चरबी फुटून पाण्यात मिसळते. थिजत नाही, कारण पाय कमी नाहीतर पाणी जास्त. चिकनवाल्याकडून मान-पाठीची १ किलो हाडं घ्या, सोबत ६-८ साफ केलेले पाय. सूप थिजवणारं जिलेटिन मुख्यतः पायांच्या कातडीतून आणि कुर्च्यांतून (मऊ हाडांतून) सुटतं. २ लिटर गार पाण्यात मंद आचेवर चढवा, फेस काढत राहा, मग आलं, लसूण, मिरे. ४ तास, नुसते बारीक बुडबुडे. मीठ शेवटीच, कारण पाणी आटतं. खानदेशी काळा मसाला रश्श्यासाठी ठेवा, इथे हाडांची चव झाकून टाकतो. जळगावच्या उन्हाळ्यात पातेलं ओट्यावर मुळीच ठेवू नका. गाळून, परातीतल्या गार पाण्यात निववून लगेच फ्रिजमध्ये. ३ दिवसांत संपवा.