कुत्र्याला साक्षीदार करू नकोस

सप्रेम आशीर्वाद.

रॉटवायलर आणायचं ठरवलंस, आनंद आहे. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य खटकलं: "ही जात किती प्रेमळ असते ते मी सगळ्यांना दाखवून देणार." कुत्रा जरूर आण. फक्त दाखवून द्यायला आणू नकोस.

रॉटवायलर, पिटबुल, डोबरमन या जाती मुळातच धोकादायक, ही बदनामी मलाही मान्य नाही. रॉटवायलर हा मूळचा जर्मनीतल्या रॉटवाइलच्या खाटकांचा कुत्रा. गुरं हाकायची, गाडी ओढायची, हे त्याचं पिढीजात काम. पिटबुलचा जबडा एकदा मिटला की 'लॉक' होतो, डोबरमनचा मेंदू कवटीत मावेनासा होतो आणि तो मालकावर उलटतो, या निव्वळ बाता आहेत. 2022 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी त्यात माहिती दिली होती आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासली होती. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के फरक जातीमुळे असतो, असं त्यातून निघालं. ब्रिटनने 1991 च्या कायद्यात चार जातींवर बंदी घातली आणि 2023 च्या अखेरीस त्यात एक्सएल बुली या दांडग्या, पिटबुलसारख्या कुत्र्याची भर टाकली. उलट नेदरलँड्सने पिटबुलवरची बंदी 2008 मध्ये उठवली, कारण चावे काही कमी झाले नव्हते.

हे सगळं तू वाचलं असशीलच. पण दुसऱ्या बाजूचे लोक "सगळं संगोपनावर असतं" म्हणून मोकळे होतात, तेही मला पटत नाही. रॉटवायलरचा नर पन्नास-साठ किलोंचा होतो. माणसांवरच्या आक्रमकतेत डॅशहुंड आणि चिवावा या चिमुकल्या जाती वरच्या क्रमांकावर असल्याचं 2008 च्या एका पाहणीत दिसलं होतं, पण चिवावा चावला तर लोक हसतात आणि बँडेज लावतात. तुझ्या कुत्र्याने तेच केलं तर टाके पडतील, पोलीस येतील आणि कदाचित कुत्र्याचा जीव जाईल. एकाच चुकीची शिक्षा दोघांना सारखी नाही. म्हणून तुझ्यावरची जबाबदारीही इतरांपेक्षा जास्त. हे अन्यायाचं आहे, कबूल. पण तो अन्याय तू सोसायचास, कुत्र्याने नाही.

आता त्या 'दाखवून देण्या'बद्दल. बदनाम जातीचे मालक एक हमखास प्रकार करतात: लहान मूल कुत्र्याच्या गळ्यात पडलंय, असा व्हिडिओ टाकतात. पुढच्या वेळी असा व्हिडिओ दिसला की मुलाकडे बघू नकोस, कुत्र्याकडे बघ. तोंड मिटलेलं असतं. मान मुलापासून दुसरीकडे वळवलेली. जीभ पटकन नाकावरून फिरून आत जाते, झोप आली नसताना जांभई येते, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागतो. तो बिचारा "बाजूला घ्या याला" म्हणून सांगतोय आणि मालक खाली लिहितोय, 'बघा किती गरीब'. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, असंही नाही. अंग ताठ आणि शेपूट उंच, ताठ हलत असेल तर लांबच राहावं.

एवढं सांगूनही कुणी ऐकलं नाही की कुत्रा गुरगुरतो. गुरगुरण्याबद्दल त्याला कधीही मारू नकोस, ओरडूही नकोस. मार खाऊन तो गुरगुरणं सोडतो, भीती तशीच राहते. मग एक दिवस "काही कारण नसताना, अचानक" चावला म्हणून बोंब होते. तो गुरगुरला की मुकाट्याने त्याला तिथून बाजूला ने आणि कशाने बिथरला ते शोध.

दुसरा प्रकार, पट्टा सोडून फिरवणं. समोरचा माणूस अंग चोरून उभा आहे आणि मालक लांबून ओरडतोय, "काही करत नाही हो तो!" हे वाक्य तुझ्या तोंडून कधी निघू देऊ नकोस. हे हात दाखवून अवलक्षण आहे. समोरच्याला घाबरायचा पूर्ण हक्क आहे. पट्टा आखूड धर, तू बाजूला हो. मझलची, म्हणजे तोंडावर बांधायच्या मुसकीचीही लाज बाळगू नकोस. जाळीचा, आत तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल असा घे, आणि खाऊ देत देत लहानपणीच सवय लाव. व्हेटकडे दुखऱ्या पायाला हात लावू द्यायची वेळ येईल तेव्हा ही सवय कामाला येईल. लोखंडी काट्यांचा गळपट्टा मात्र घेऊ नकोस, तो दागिना मालकाचा असतो.

पिल्लू आठ आठवड्यांचं होऊन घरी येईल. जगाची ओळख करून घेण्याचा त्याचा मुख्य काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा, म्हणजे तुझ्या वाट्याला त्यातला उरलेला अर्धाच. लसी पूर्ण व्हायच्या आधी जमिनीवर सोडू नकोस, कडेवर घेऊन फिर. छत्रीवाला माणूस, काठी टेकणारे आजोबा, रडणारं बाळ, रिक्षाचा आवाज, सगळं दिसू दे. प्रत्येकाने हात लावायलाच हवा असं नाही. बघून दुर्लक्ष करायला शिकला, की झालं. रेबीजची लस, निर्बीजीकरण, नोंदणी याबद्दल तुला सांगायची गरज नाही.

ब्रीडरकडे जाशील तेव्हा पिल्लाच्या आधी त्याची आई बघ. अनोळखी माणूस दारात आल्यावर ती कशी वागते, साखळीला बांधलेली असते की घरात वावरते, ते नीट बघ. आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे माग, कारण या जातीत खुब्याचं दुखणं बरंच आढळतं. आई दाखवायला टाळाटाळ झाली, तर पिल्लू कितीही गोजिरवाणं असो, हात हलवत परत ये.